मदतकार्य आणि सार्वजनिक आरोग्यासाठी डिजिटल नकाशे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅपिंगबद्दल लोक जे प्रश्न सारखे पाठवत असतात ते इथे एकत्र केलेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी नवीन लोकांसाठी आहेत, पुढे पुढे अवघड होत जातात. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत लिहिलेली नाही, फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा.

१. नकाशाचा आणि आरोग्याचा संबंध काय? औषधं, डॉक्टर, पाणी हे जास्त महत्त्वाचं ना?

तेच महत्त्वाचं, पण ते कुठे पोचवायचं हे आधी कळायला लागतं. लसीकरणाची टीम सकाळी निघते तेव्हा तिच्या हातात वस्त्यांची यादी असते आणि जी वस्ती यादीत नाही तिथे कोणी जातच नाही. त्याहून वाईट म्हणजे नंतरच्या रिपोर्टमध्येही ती वस्ती सुटली असं दिसत नाही, कारण सुटली हे कळायला ती आहे हे तरी कुणाला माहीत हवं.

हैतीमध्ये १२ जानेवारी २०१० ला ७.० तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्सचा, सगळ्यांना वापरता येईल असा सविस्तर डिजिटल नकाशा जवळजवळ नव्हताच. सॅटेलाइट कंपन्यांनी फोटो खुले केले, जगभरातल्या शेकडो लोकांनी घरी बसून काही दिवसांत रस्ते, पडलेल्या इमारती, लोकांनी उभारलेले तंबू असं सगळं ओपनस्ट्रीटमॅप या कोणीही भर घालू शकेल अशा खुल्या नकाशावर (प्रश्न २) काढलं आणि बचाव पथकं तोच नकाशा जीपीएसमध्ये टाकून फिरली. त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम, म्हणजे ज्यांना सगळे नुसतं हॉट म्हणतात, ती संस्था रीतसर सुरू झाली.

२. गुगल मॅप्स आहे की, मग हे ओपनस्ट्रीटमॅप कशाला?

रोजच्या वापराला गुगल मॅप्स चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिथे तुम्हाला नकाशाचं चित्र बघायला मिळतं, त्यामागचा डेटा हातात मिळत नाही. आरोग्य विभागाला "या तालुक्यातली सगळी घरं आणि पायवाटा एका फाइलमध्ये द्या" असं हवं असतं, म्हणजे मग त्यावर हिशोब करता येतो, टीम वाटून देता येतात, प्रिंट काढता येतात. ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये सुरू झालं आणि त्याचा डेटा खुल्या लायसन्सखाली आहे, तो कोणीही उतरवून घ्या, वापरा, बदला, फक्त श्रेय द्यायचं आणि सुधारलेला डेटा लोकांसमोर आणलात तर तोही त्याच अटींवर खुला ठेवायचा. शिवाय जिथे गिऱ्हाईक नाही तिथे तपशीलवार नकाशा काढायला कंपन्या फारशा उत्सुक नसतात आणि मदतीची गरज नेमकी अशाच भागात जास्त लागते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, गुगल मॅप्सवर बघून नाव किंवा रस्ता ओपनस्ट्रीटमॅपवर उतरवायचा नाही. ते कॉपीराइटचं उल्लंघन आहे आणि सापडलं की सगळं काढून टाकलं जातं.

३. मला कोडिंग येत नाही, मी काय करू शकते?

कोडिंग लागतच नाही. फक्त मोबाइल असेल तर मॅपस्वाइप नावाचं ॲप घ्या, त्यात सॅटेलाइट फोटोचे छोटे तुकडे येतात आणि कुठे घरं दिसतात, कुठे नाहीत एवढंच टॅप करून सांगायचं. पुढचे लोक मग रिकाम्या जंगलावर वेळ न घालवता थेट वस्तीवर काम करतात.

लॅपटॉप आणि माउस असेल तर (टचपॅडवर हात दुखतो, माउस घ्याच) हॉटच्या (प्रश्न १) टास्किंग मॅनेजर या वेबसाइटवर खातं उघडा. तिथे एखादा भाग चौकोनांत वाटलेला असतो. तुम्ही एक चौकोन निवडला की तो तुमच्या नावावर लॉक होतो, म्हणजे दोघं एकाच जागेवर काम करत नाहीत, मग ब्राउझरमध्येच आयडी एडिटर उघडतो आणि तुम्ही घरं, रस्ते काढता. झालं की सेव्ह करून चौकोन पूर्ण झाला असं सांगायचं, नंतर अनुभवी माणूस तो तपासतो. सवय झाली की जोसम नावाचा मोठा एडिटर आहे, त्यात काम फार भराभर होतं, पण पहिल्या दिवशी त्याच्या वाटेला जाऊ नका.

४. सॅटेलाइट फोटो जुना असेल तर नकाशाही जुनाच होणार ना?

हो, आणि हे नेहमी होतं. एडिटरमध्ये बिंग, एसरी अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले फोटो बदलून बघता येतात. एकात ढग असतो, दुसऱ्यात नसतो, एकात वस्ती तीन घरांची आणि दुसऱ्यात पन्नास घरांची दिसते. कुठला फोटो वापरायचा ते प्रोजेक्टच्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं, ते आधी वाचा, निम्मे गोंधळ तिथेच मिटतात.

दुसरी भानगड सरकण्याची. सगळे फोटो जमिनीवर अचूक बसवलेले नसतात, एकाच घराची जागा दोन फोटोंमध्ये दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे असू शकते. आधीच्या लोकांनी काढलेली घरं सगळीच्या सगळी एकाच दिशेला सरकलेली दिसली तर ती हलवत बसू नका, फोटोचं ऑफसेट, म्हणजे फोटो किती सरकलाय तो फरक, जुळवून घ्या. त्या भागात लोकांनी चालून नोंदवलेले जीपीएस ट्रॅक असतील तर त्यांच्याशी ताडून बघा.

५. घर काढणं म्हणजे चार कोपरे क्लिक करणं, त्यात चुकण्यासारखं काय आहे?

बरंच आहे. तपासणीत एकच चौकोन उघडला तरी बहुतेक वेळा त्याच त्याच गोष्टी दिसतात. घराच्या बाजूला पडलेली काळी सावली घरातच धरलेली असते, त्यामुळे आकार दीडपट होतो. एकाला एक चिकटलेली पाच छपरं एकच मोठं घर म्हणून काढलेली असतात. उंच इमारतीचा फोटो तिरका असतो तेव्हा छपराचा आकार बरोबर येतो पण जागा चुकते, म्हणून छप्पर काढून ते खाली पायाशी सरकवायचं असतं. चौकोनी घराचे कोपरे वाकडे राहतात, त्याला आयडी आणि जोसम दोन्ही एडिटरमध्ये कीबोर्डवरचं क्यू दाबलं की काटकोन होतात, आणि गोल झोपडी असेल तर ओ दाबायचं, ती गोल होते. नवख्या लोकांना ही दोन बटणं कोणी सांगितलेलीच नसतात आणि मग शेकडो घरं वाकडी पडून राहतात.

आता कुणी म्हणेल की कोपरा वाकडा असला तर काय बिघडलं. पाच घरांचं एक केलं तर पाच कुटुंबांचं एक होतं, आणि या घरांवरूनच पुढे लोकसंख्या काढतात (प्रश्न ९ बघा), म्हणून इतका आग्रह. खडक, गवताची गंजी, झाडाचा गोल शेंडा हे सगळं वरून झोपडीसारखं दिसतं. खात्री नसेल तर काढू नका, चौकोनाला कमेंट लिहा आणि पुढे जा.

६. रस्ता कुठल्या प्रकारचा हे फोटोवरून कसं ओळखायचं?

डांबर आहे की माती हे बघून प्रकार ठरवायचा नाही, तो रस्ता कशाला वापरतात त्यावर ठरतो. दोन गावं जोडतोय तर मातीचा असला तरी अनक्लासिफाइड किंवा त्याच्या वरचा, घरांच्या मधून जातोय तर रेसिडेन्शियल, नुसता शेतात जातोय तर ट्रॅक, गाडी जाऊच शकत नाही तर पाथ. पृष्ठभाग वेगळ्या टॅगमध्ये, म्हणजे नकाशावरच्या गोष्टीला जोडलेल्या छोट्या नोंदीत, लिहायचा.

रस्ते जोडणं विसरू नका. दोन रेषा नुसत्या एकमेकींवरून गेल्या आणि मधे सामाईक पॉइंट नसला तर डोळ्यांना रस्ता जोडलेला दिसतो पण सॉफ्टवेअरला तो तुटलेला असतो, ॲम्ब्युलन्सला मग भलताच लांबचा रस्ता दाखवला जातो. आणि नदीवर पूल दिसत नसेल तर पूल काढू नका, तिथे फक्त पायी उतरून जायची जागा असेल, कदाचित चार महिने तेही नसेल.

७. गावांची नावं कोण टाकतं? फोटोत तर नाव दिसत नाही.

तिथे राहणारी माणसंच टाकतात, दुसरा मार्ग नाही. मिसिंग मॅप्स हा प्रकल्प २०१४ मध्ये अमेरिकन रेड क्रॉस, ब्रिटिश रेड क्रॉस, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि हॉट यांनी मिळून सुरू केला आणि त्यांची पद्धतच अशी आहे की आधी दूर बसलेले लोक फोटोवरून आकार काढतात, मग स्थानिक लोक फिरून नावं, पाण्याच्या जागा, दवाखाने, शाळा भरतात, त्यानंतर तो नकाशा कामाला लागतो. मधली पायरी गाळली की हातात उरतो तो बिनानावाचा नकाशा.

नाव का इतकं महत्त्वाचं ते २०१४ च्या इबोला साथीत सगळ्यांना कळलं. गिनीच्या गेकेडू भागात पेशंट यायचा, गावाचं नाव सांगायचा, आणि टीमला ते गाव कुठल्याच नकाशावर सापडायचं नाही. जिथे एकाच नावाची दोन-तीन गावं असतात किंवा एकच नाव तीन स्पेलिंगने लिहिलं जातं तिथे तर अजून पंचाईत. इबोलात पेशंटच्या संपर्कात आलेल्या प्रत्येकाला २१ दिवस रोज जाऊन बघायचं असतं, आणि चुकीच्या गावाला गेलात तर खऱ्या गावात साथ तोपर्यंत पसरत राहते. म्हणून नाव विचारताना लोक रोज जे म्हणतात ते, सरकारी कागदावरचं, आणि जुनं किंवा शेजारच्या गावचे लोक वापरतात ते, अशी सगळी नोंदवा. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पर्यायी नावांसाठी आणि वेगवेगळ्या भाषांतल्या नावांसाठी स्वतंत्र टॅग आहेत, जागेची काहीच अडचण नाही.

८. आता एआय सगळी घरं आपोआप काढतो, मग माणसं कशाला बसवायची?

एआयने खूप मोठी मजल मारलीय. मायक्रोसॉफ्टने बऱ्याच देशांतले इमारतींचे आकार खुले केलेत, गुगलने २०२१ मध्ये ओपन बिल्डिंग्स नावाचा आफ्रिकेचा डेटा दिला आणि नंतर तो वाढवत नेला. जिथे घरं सुटी सुटी आणि छपरं चमकणारी आहेत तिथे हा डेटा छान असतो, माणसाने फक्त तपासून आत घ्यायचा. पण दाटीवाटीची वस्ती, गवताची छपरं, मातीच्या रंगाची घरं, झाडाखालची घरं आली की मशीन चुकतं, आणि गरीब लोक बहुतेक अशाच घरांत राहतात. म्हणजे चूक सगळीकडे सारखी पसरलेली नसते, ज्यांना आधीच कोणी मोजलेलं नाही तेच परत सुटतात. त्यामुळे माझं मत असं की एआय वापरा, जरूर वापरा, पण कुठल्या भागात तो कमी पडतो ते आधी शोधा आणि माणसांचा वेळ तिथे लावा. आणि नावं तर एआय सांगणारच नाही (प्रश्न ७).

९. घरं मोजून लसीकरणाला किंवा फवारणीला नेमका काय फायदा होतो?

हा खरं तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

समजा मलेरियासाठी घरात औषध फवारणारी टीम आहे. तिच्या यादीत १,००० घरं, तिने ९०० फवारली, कव्हरेज ९० टक्के, सगळे खूश. नंतर सॅटेलाइट फोटोवरून घरं मोजली तर निघाली १,३००. म्हणजे खरं कव्हरेज ६९ टक्के. फवारणी तीच, मेहनत तीच, फक्त भागायचा आकडा चुकीचा होता. आणि सुटलेली ४०० घरं विखुरलेली नसतात, साधारण एकेका टोकाला गठ्ठ्याने असतात, ओढ्यापलीकडे किंवा नवीन वस्ती झालीय तिथे. तिथे मलेरिया चालू राहतो आणि लोक म्हणतात की फवारणीचा उपयोग होत नाही.

पोलिओमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. उत्तर नायजेरियात लसीकरणाच्या टीम हाताने काढलेल्या नकाशांवर चालायच्या आणि त्यात कितीतरी छोट्या वस्त्या नव्हत्याच. मग सॅटेलाइट फोटोवरून वस्त्या शोधून नवे नकाशे केले आणि टीमबरोबर जीपीएसवाले फोन दिले, संध्याकाळी फोनचे ट्रॅक नकाशावर टाकले की कुठल्या वस्तीत कोणी गेलंच नाही ते त्याच दिवशी कळायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथे टीम पाठवता यायची. ऑगस्ट २०२० मध्ये डब्ल्यूएचओच्या आफ्रिका विभागात नैसर्गिक पोलिओ विषाणू संपल्याचं जाहीर झालं. त्याचं श्रेय घरोघर फिरलेल्या लोकांचं, नकाशाने त्यांना सुटलेली घरं दाखवली.

घरांवरून लोकसंख्या काढताना मात्र सांभाळून. एका छपराखाली सरासरी किती माणसं हे प्रत्येक भागात वेगळं असतं, गोदाम आणि गोठेही वरून घरासारखेच दिसतात, काही घरं रिकामी असतात. थोड्या वस्त्यांमध्ये प्रत्यक्ष मोजून मगच आकडा बाकीच्यांना लावायचा. साउथहॅम्प्टन विद्यापीठाचा वर्ल्डपॉप प्रकल्प असे लोकसंख्येचे खुले अंदाज देतो, सुरुवातीला ते घ्या, पण तोही अंदाजच आहे.

१०. दवाखाना ५ किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे सोय आहे असंच ना?

नाही. नकाशावर दवाखान्याभोवती ५ किलोमीटरचं वर्तुळ काढून "आतले सगळे कव्हर झाले" असं म्हणायची पद्धत फार जुनी आहे आणि फार फसवी आहे, कारण माणूस सरळ रेषेत उडत जात नाही. मधे नदी असली, डोंगर असला, तर त्याच ५ किलोमीटरला तीन तास लागतात. म्हणून अंतराऐवजी वेळ मोजायचा. डब्ल्यूएचओचं ॲक्सेसमॉड नावाचं मोफत सॉफ्टवेअर हेच करतं, चढ, रस्ते, नद्या, चालण्याचा आणि गाडीचा वेग असं सगळं घेऊन किती मिनिटांत पोचता येईल ते काढतं. हिशोब कोरड्या दिवसांचा आणि पावसाळ्याचा असा दोनदा करा. बाळंतपणाची अडलेली बाई पावसाळ्यातही येते. आणि दवाखाना नकाशावर आहे म्हणजे तिथे नर्स आहे, औषध आहे, रात्री दार उघडतं असं नाही, ते फोन करून किंवा जाऊनच कळतं.

११. साथीचा उगम नकाशावरून सापडतो का? लंडनच्या पंपाची गोष्ट सगळे सांगतात.

ती गोष्ट खरी आहे पण अर्धीच सांगतात. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले आणि ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेले दिसले, हे बरोबर. पण नकाशा छापून आला नंतर. आधी ते घरोघर जाऊन पाणी कुठून आणता विचारत फिरले, आणि त्यांची खात्री पटवणाऱ्या गोष्टी नकाशात न बसणाऱ्या होत्या. पंपाजवळच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवायच्या मोठ्या आश्रयगृहात, माणसं खच्चून भरलेली तरी मृत्यू मोजकेच, कारण त्यांची स्वतःची विहीर होती. जवळच्या दारूभट्टीतले कामगार वाचले, ते त्या पंपाचं पाणी पीत नव्हते. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा गेली, तिला त्या पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ती मुद्दाम मागवायची. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला तोवर साथ ओसरायला लागलीच होती, हे स्नो यांनी स्वतः मान्य केलंय.

तर गर्दी कुठे आहे ते नकाशा दाखवतो आणि काय विचारायचं ते सुचवतो. कारण शोधायला फिरावंच लागतं, आणि नकाशात न बसणारा एकटा ठिपका दिसला तर तो खोडू नका, आधी त्याच घरी जा.

१२. आमच्या जिल्ह्याचा रंग नकाशावर गडद लाल आहे, म्हणजे आम्ही जास्त धोक्यात आहोत का?

आधी बघा की रंग कशाला दिलाय. एकूण रुग्णसंख्येला दिला असेल तर मोठी लोकसंख्या असलेला भाग नेहमीच लाल दिसणार. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा कोरोनाचा डॅशबोर्ड जानेवारी २०२० मध्ये सुरू झाला, जगाने तो बघितला, त्यातल्या मोठ्या लाल गोलांनी लोक घाबरायचे, पण ते गोल एकूण संख्येचे होते. तुलना करायची तर दर हजारी किंवा दर लाखामागे किती ते हवं.

पण त्यातही एक खोच आहे. ४०० लोकांच्या गावात २ रुग्ण म्हणजे हजारी ५. चार लाखांच्या शहरात ८०० रुग्ण म्हणजे हजारी २. नकाशावर गाव जास्त लाल दिसतं, आणि उद्या अजून एकच रुग्ण सापडला तर गाव थेट साडेसातवर जातं. इतक्या छोट्या आकड्यांवर रंग देऊन निर्णय घेऊ नयेत, काही आठवड्यांचे आकडे एकत्र करा किंवा शेजारची गावं जोडून बघा. आणि जिथे टेस्टिंगच होत नाही तो भाग हिरवा रंगवू नका, त्याला "माहिती नाही" असा वेगळा राखाडी रंग द्या. हे न केल्याने किती जागा उगाच सुरक्षित वाटतात.

१३. रुग्णांची घरं नकाशावर दाखवली तर लोक सावध होतील, मग का दाखवायची नाहीत?

कारण पुढे त्या घराचं काय होतं ते आपण सगळ्यांनी साथीच्या काळात बघितलंय. लोक बोलणं टाकतात, पाणी भरू देत नाहीत, आणि मग बाकीचे लोक आपला आजार लपवायला लागतात, म्हणजे साथ रोखणं अजून अवघड. टीबी, एचआयव्ही असेल तर ते घर आयुष्यभर ओळखलं जातं.

नाव काढून नुसता ठिपका ठेवला तर चालेल असं बरेच जण विचारतात. चालणार नाही, विरळ वस्तीत ठिपका म्हणजेच नाव. छापलेल्या नकाशातल्या ठिपक्यांवरून मूळ घर शोधून काढता येतं हे संशोधकांनी दाखवून दिलंय. अचूक जागा फक्त उपचार करणाऱ्या टीमकडे, पासवर्डमागे. बाहेर द्यायचं तर गाव किंवा वॉर्डाची बेरीज करून द्या, आणि बेरीज अगदी लहान असेल तर "५ पेक्षा कमी" असं लिहा. ओपनस्ट्रीटमॅपवर तर रुग्णांची कुठलीच माहिती कधीच टाकायची नाही, तिथे टाकलेलं इतिहासात राहतं (प्रश्न १८).

१४. युद्ध चालू असलेल्या भागात दवाखाने आणि छावण्या नकाशावर टाकाव्यात का?

याला एकच उत्तर नाही. एका बाजूने जागा माहीत असली तर हल्ला टाळता येतो, म्हणून संस्था स्वतःहून लढणाऱ्या पक्षांना आपले को-ऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) देतात. दुसरी बाजू म्हणजे कुंदुझ. अफगाणिस्तानात ३ ऑक्टोबर २०१५ ला डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या रुग्णालयावर अमेरिकेचा हवाई हल्ला झाला, ४२ माणसं गेली, आणि रुग्णालयाची जागा आधी कळवलेली होती.

त्यामुळे हा निर्णय दूर बसलेल्या आपण घ्यायचा नसतो, तिथे काम करणाऱ्यांनी आणि राहणाऱ्यांनी घ्यायचा. त्यांनी नको म्हटलं तर फोटोत स्पष्ट दिसत असलं तरी टाकू नका, अशा भागाच्या प्रोजेक्टमध्ये हे सूचनांमध्येच दिलेलं असतं. अत्याचारातून सुटून आलेल्या बायकांची निवारागृहं तर युद्ध असो नसो, कुठेच टाकायची नाहीत.

१५. पूर आलाय आणि वर ढग आहेत, मग सॅटेलाइटचा काय उपयोग?

साध्या फोटोचा नाही, पण रडारवाल्या सॅटेलाइटचा आहे. युरोपचा सेंटिनेल-१ रडारच्या लहरी सोडतो, त्या ढगातून जातात आणि रात्रीही चालतात. सपाट पाण्यावर पडलेल्या लहरी परत न येता दुसरीकडे निघून जातात म्हणून पाणी काळं दिसतं, पुराआधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवलं की कुठे पाणी शिरलंय ते कळतं. हा डेटा मोफत आहे. घरांच्या दाट गर्दीत आणि झाडाखाली साचलेलं पाणी मात्र रडारला नीट दिसत नाही, त्यामुळे शहरातला पूर नकाशावर कमी दिसतो हे धरून चाला. मोठ्या आपत्तीत वेगवेगळ्या देशांच्या अवकाश संस्था आपत्तीसाठीच्या आंतरराष्ट्रीय करारातून फोटो मोफत देतात, ती व्यवस्था २००० सालापासून चालू आहे, पण मागणी अधिकृत यंत्रणेकडूनच जावी लागते.

१६. भूकंप झाला की लगेच पडलेली घरं शोधून मार्क करू का?

तसं काम मागितलं असेल तरच. वरून छप्पर शाबूत दिसतं आणि खालचा मजला चेपलेला असतो, भिंतीचा तडा तर दिसतच नाही. फिलिपिन्समध्ये २०१३ च्या हैयान वादळानंतर स्वयंसेवकांनी फोटोवरून नुकसान नोंदवलं, नंतर जमिनीवर जाऊन ताडलं तेव्हा बऱ्याच ठिकाणी जुळलं नाही. ते काम शिकलेल्या लोकांना करू द्या. तुम्ही भूकंपाआधीच्या फोटोवरून घरं आणि रस्ते पूर्ण करा, किती घरं होती हे माहीत असलं तरच किती पडली ते काढता येतं, आणि मोकळी मैदानं दाखवा जिथे हेलिकॉप्टर उतरेल किंवा तंबू लागतील.

लोकांकडून मेसेज गोळा करून नकाशावर टाकणं हे वेगळं काम. केनियात २००८ च्या सुरुवातीला निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात उशाहिदी नावाचं सॉफ्टवेअर त्यासाठीच तयार झालं, हैतीत भूकंपानंतर ४६३६ या नंबरवर लोक एसएमएस करायचे आणि जगभर पसरलेले हैतीचे लोक ते क्रेओल या तिथल्या भाषेतून भाषांतर करून जागा शोधून द्यायचे. तिथली गल्ली फक्त तिथल्याच माणसाला ओळखता येत होती. पण मेसेज घ्यायला सुरुवात करण्याआधी एक विचारा, ते वाचून मदतीला जाणारं कोणी आहे का? नसेल तर लोकांना खोटी आशा देऊ नका.

सगळ्यात चांगला उपाय आधी करण्याचा आहे. नेपाळमध्ये काठमांडू लिव्हिंग लॅब्स या तिथल्या मॅपिंग संस्थेच्या मंडळींनी २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाच्या कितीतरी आधीपासून काठमांडू खोऱ्यातल्या शाळा, रुग्णालयं नकाशावर घेतली होती. ७.८ चा धक्का बसला त्या दिवशी नकाशा आणि तो वापरणारी माणसं दोन्ही तयार होती.

१७. फील्डवर इंटरनेटच नसतं, आणि लोकेशन पाठवलं की भलतीकडेच दाखवतं. काय करायचं?

ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड मध्ये निघण्याआधीच तो भाग डाउनलोड करा, जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फॉर्म भरायला कोबोटूलबॉक्स ऑफलाइन चालतं, नेटवर्कमध्ये आलात की डेटा जातो. बरोबर कागदी प्रिंट ठेवाच, बॅटरी संपते आणि कागदाभोवती चार माणसं बसून बोट ठेवून सांगू शकतात.

लोकेशन भलतीकडे जातं त्याची कारणं बहुतेक दोनच. एक म्हणजे अक्षांश-रेखांशाची अदलाबदल, मोबाइलवर साधारण अक्षांश आधी असतो आणि जिओजेसन या नकाशाच्या डेटाच्या फाइलमध्ये रेखांश आधी, त्यामुळे गाव समुद्रात जाऊन पडतं. दुसरं म्हणजे अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५, पण लोक १८.३० लिहितात. फरक ०.२ अंशाचा, म्हणजे जमिनीवर जवळजवळ २२ किलोमीटर, आणि गंमत म्हणून सांगत नाही, औषधाची गाडी खरंच तितकी लांब जाते. सगळ्या टीमने दशांशच वापरायचे असं पहिल्याच दिवशी ठरवा आणि पॉइंटनंतर पाच आकडे द्या, तेवढ्यात साधारण एक मीटरपर्यंत जागा येते, फोनची अचूकता त्याहून कमीच असते त्यामुळे जास्त आकड्यांना अर्थ नाही.

१८. मी काढलेलं कोणीतरी बदललं किंवा डिलीट केलं. आणि कोणी मुद्दाम खोटं टाकलं तर?

प्रत्येक बदल कोणी, कधी केला याचा इतिहास राहतो आणि मागे फिरवता येतो, त्यामुळे घाबरू नका. आधी बदलणाऱ्याला त्याच्या चेंजसेटवर (एका वेळी सेव्ह केलेल्या बदलांच्या गठ्ठ्यावर) कमेंट करून विचारा, बहुतेक वेळा त्याच्याकडे नवीन फोटो असतो किंवा तो तिथलाच असतो. तिथला असेल तर त्याचं ऐका. मुद्दाम केलेली नासधूस असेल तर ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटा वर्किंग ग्रुपला कळवा. देशांच्या सीमा आणि वादातली नावं मदतकार्याच्या मॅपिंगमध्ये हात न लावता तशीच ठेवा.

१९. आमच्या संस्थेला नकाशा करून घ्यायचाय, सुरुवात कुठून करू?

सॉफ्टवेअर कुठलं हा प्रश्न शेवटचा ठेवा (क्यूजीआयएस मोफत आहे, बहुतेक कामाला पुरतं). आधी हे लिहून काढा की नकाशा हातात आला की कोण काय निर्णय घेणार. "कुठल्या आठ गावांत फिरता दवाखाना पाठवायचा" हे चालेल, "सगळी माहिती एका जागी हवी" हे चालणार नाही, असे डॅशबोर्ड उद्घाटनानंतर कोणी उघडत नाही. मग आधी काय उपलब्ध आहे ते बघा, संयुक्त राष्ट्रांच्या ह्युमॅनिटेरियन डेटा एक्स्चेंजवर बऱ्याच देशांच्या सीमा, रस्ते, दवाखाने मिळतात. आणि ज्यांच्या वस्तीचा नकाशा करताय त्यांना पहिल्या बैठकीला बोलवा, परवानगी घ्या, तयार झाल्यावर प्रिंट त्यांच्याकडे द्या. माहिती घेऊन गेलेली टीम परत आलीच नाही असं झालं की पुढच्या टीमला लोक दारात उभं करत नाहीत आणि ते त्यांचं बरोबरच असतं.

२०. छावणी हलली, दवाखाना बंद पडला, तर नकाशावरून काढून टाकायचं का?

जागेवर आता काहीच उरलं नसेल तर काढा. इमारत उभी आहे पण बंद आहे असं असेल तर इमारत ठेवा आणि दवाखान्याचा टॅग वापरात नाही असा बदला, नाहीतर पुढचा माणूस जुन्या फोटोत इमारत बघून परत दवाखाना टाकतो. तात्पुरता बंद आहे, पुरामुळे किंवा कर्मचारी नाहीत म्हणून, तर ते ओपनस्ट्रीटमॅपवर न टाकता मदत यंत्रणेच्या रोजच्या यादीत ठेवा, ऑफलाइन नकाशे लोक महिनोन्‌महिने जुने वापरतात (प्रश्न १७) आणि उघडलेला दवाखाना त्यांना बंदच दिसत राहील. आणि स्वतः जाऊन खात्री केली असेल तर तपासल्याची तारीख टॅगमध्ये लिहा, त्याला एक मिनिटही लागत नाही आणि त्यावरून पुढच्याला कळतं की या माहितीवर किती विसंबायचं.